इन्सुलिन एकाचे, घड्याळ दोघांचे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

१४ नोव्हेंबर जवळ आला की वर्तमानपत्रांत मधुमेहाच्या पुरवण्या सुरू होतात. इन्सुलिनच्या शोधातले एक प्रमुख नाव फ्रेडरिक बँटिंग, त्यांचा हा जन्मदिवस. म्हणून तो जागतिक मधुमेह दिन. पुरवणीतला मजकूर बहुतेक रुग्णाला उद्देशून असतो. गोड टाळा, रोज चाला, औषधे चुकवू नका, पाय जपा. आणि तळाला एक ठरलेले वाक्य: कुटुंबीयांनी साथ द्यावी. ही साथ किती वाजता द्यायची, कुठल्या डब्यातून आणि किती चमचे, हे मात्र कुठे सापडत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. सगळे इन्सुलिनवर नाहीत. पण जे आहेत, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या शेजारच्या ताटावर आणि शेजारच्या उशीवर एक दुसरे माणूस असते. नवरा, बायको, किंवा लग्न न करता एकत्र राहणारा जोडीदार. हे पत्र त्या दुसऱ्या माणसासाठी आहे.

साथ म्हटली की आपल्याकडे आधी सुचते ती राखण. लग्नाच्या पंगतीत हात जिलेबीकडे गेला रे गेला की चार माणसांत आवाज येतो, "अहो, शुगर आहे ना तुम्हाला?" हेतू चांगला असतो, पण माणूस पुढच्या वेळी दिसणार नाही अशा जागी खातो, एवढेच त्यातून निष्पन्न होते. मग शुगरच्या वहीतला आकडा आणि ताटातले अन्न यांचा मेळ लागत नाही. डॉक्टरांपुढे फक्त आकडा जातो, ते डोस वाढवतात, आणि ज्या दिवशी चोरून काही खाल्लेले नसते त्या दिवशी तो वाढीव डोस अंगाशी येतो.

दुसरा अन्याय सकाळी होतो. उपाशीपोटी शुगर १९० आली की पहिला प्रश्न, "रात्री उठून काय खाल्लंत?" पहाटे शरीरातली काही संप्रेरके वाढतात आणि यकृत आपणहून रक्तात साखर सोडते. रात्री पाण्याशिवाय काही घेतले नसले तरी सकाळचा आकडा चढलेला असू शकतो. शंकाच असेल तर पहाटे तीनचा गजर लावावा. दोन-तीन रात्री तीन वाजता शुगर मोजून ती वहीत लिहिली, तर रात्रीचा डोस कमी पडतोय की जास्त होतोय हे डॉक्टरांना त्यावरून ठरवता येते. तीनला उठून झोपेतल्या माणसाच्या हातात मीटर देणे हे जोडीदाराचे काम. वहीही त्यानेच लिहिली तर उत्तम. फक्त आकडा लिहावा, तोंड वाकडे करू नये.

खरा घोळ मात्र खाण्यापेक्षा वेळेचा आहे. पुष्कळ घरांत अजून बाटलीतले जुन्या प्रकारचे इन्सुलिन चालते, बहुधा 'तीस-सत्तर'चे मिश्रण (तीस टक्के पाण्यासारखे, लवकर काम करणारे, सत्तर टक्के दुधी, संथ), सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री जेवणाआधी. ते जेवणाच्या अर्धा तास आधी टोचायचे असते, कारण कातडीखालून रक्तात उतरून कामाला लागायला त्याला तेवढा वेळ लागतो. त्यातल्या पाण्यासारख्या भागाचा जोर दोन ते चार तासांत असतो. दुधी भाग उशिरा, चारेक तासांनंतर जोर धरतो आणि बराच वेळ टिकतो. एकदा आत गेलेले इन्सुलिन परत काढता येत नाही. तासाभराने जेवायचे ठरले, तर ते आपले काम तासभर थांबवून ठेवत नाही.

आता हे इंजेक्शन घरातल्या बाईला असेल तर काय होते ते पाहा. साडेआठचे जेवण धरून ती आठला सुई टोचते आणि कणकेच्या परातीकडे वळते. नवऱ्याला तव्यावरचीच पोळी लागते, मुलाला दुसरी भाजी, सासूबाईंना मऊ भात. बारा-पंधरा पोळ्या होतात, मग वाढणे, मग कोशिंबीर राहिल्याचे आठवते, मग कुणाला तरी पापड हवा असतो. सगळ्यांचे आटोपून ती स्वतःचे ताट घेते तेव्हा सव्वानऊ-साडेनऊ झालेले असतात. मधल्या वेळात तिला घाम फुटतो, लाटणे हातातून सटकते, पोळी वातड होते. घाम गॅसपुढचा ठरतो, थरथर दमल्याची, आणि चिडचिड तर 'हिची नेहमीचीच'. त्या क्षणी तिची शुगर ५८ असू शकते आणि पुढ्यात तापलेला तवा असतो. पुरुषाला इन्सुलिन सुरू झाले की घरात ताट वेळेवर येते, कारण ते वाढणारे कुणीतरी असते. बाईला सुरू झाले तर ताट वाढणारी तीच असते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २८९ मिनिटे निघाली. जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८. ती तफावत एका झटक्यात मिटणार नाही. पण इन्सुलिनच्या घरात त्यातली रात्रीची चाळीस मिनिटे तरी लगेच इकडून तिकडे गेली पाहिजेत.

ती अशी. स्वयंपाक पूर्ण करावा, पोळ्या डब्यात घालाव्यात, ताटे मांडावीत, आणि मगच सुई टोचावी. टोचल्यावर तिने गॅससमोर उभे राहायचे नाही. त्या अर्ध्या तासात बसून करायची कामे पुष्कळ असतात. अर्धा तास झाला की ती पहिल्या पंगतीला बसेल आणि वाढप नवरा करील. तव्यावरची पोळी हवीच असेल तर त्याने लाटायला शिकावे. वेडीवाकडी झाली तरी पोटात तिचे कार्बोहायड्रेट तेवढेच असते. पाहुणे यायचे आहेत, उशीर होणार असे दिसले, तर इंजेक्शनही पुढे ढकलावे. टोचून झाल्यावर उशीर झाला, तर अर्धा तास पुरा होताच एक पोळी किंवा केळे खाऊन घ्यावे, बाकीचे जेवण मागाहून. आणि ज्या घरात जेवणाची वेळ कधीच धड नसते, त्यांनी डॉक्टरांना जेवायला बसताना घ्यायच्या नव्या, जलद इन्सुलिनबद्दल विचारावे. ते महाग पडते, पण त्याला अर्ध्या तासाचे बंधन नसते.

दुपारचेही तेच. सकाळी आठला टोचलेल्या मिश्रणातला दुधी भाग बारा-एकच्या सुमारास जोरात असतो. मुले शाळेतून आल्यावर अडीचला जेवू म्हणणारी बाई नेमकी त्याच्या तावडीत सापडते. अकराला मूठभर फुटाणे किंवा एखादे फळ आणि एकच्या आत जेवण असा नेम ठेवावा. कामावर असलेल्या नवऱ्याने एकला एक फोन करावा आणि त्यात "जेवलीस का?" एवढेच विचारावे. "शुगर किती?" हा प्रश्न त्या वेळी चुकीचा असतो, कारण त्याचे उत्तर जेवण आणखी लांबवते. इन्सुलिन पुरुषाला असेल तर अडचण डब्याची. मीटिंग लांबली, लोकल खोळंबली की डबा बॅगेतच राहतो. म्हणून ग्लुकोज बॅगेत न ठेवता खिशात हवे. शर्ट धुवायला टाकताना खिसा तपासणारा माणूस ती पुडी नव्या शर्टात घालू शकतो.

शुगर ७० च्या खाली गेली की ती कमी झाली असे धरतात. ५४ च्या खाली गेली तर प्रकरण गंभीर. घाम, थरथर, धडधड, एकाएकी कडकडून भूक ही ओळखीची लक्षणे. जोडीदाराने पाहायची लक्षणे मात्र वेगळी असतात, कारण मेंदूला साखर कमी पडली की रुग्णाला स्वतःला काही कळेनासे होते. उत्तर द्यायला वेळ लागणे, तेच वाक्य पुन्हा म्हणणे, शून्यात पाहणे, साध्या गोष्टीवर भडकणे. "मला काही झालेलं नाही, माझ्या मागे लागू नकोस" हे वाक्य ओरडून आले तर ते लक्षण समजावे. आधी साखर द्यावी, भांडण उरले असेल तर पंधरा मिनिटांनी करावे; बहुतेकदा ते उरत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या थरथर आणि धडधड दाबून टाकतात, पण घाम येतोच. मानेवर हात ठेवून पाहावा.

मग काय द्यायचे? १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज, अर्धा पेला पाण्यात. साखर असेल तर चहाचे तीन भरलेले चमचे. पंधरा मिनिटे थांबून पुन्हा मोजावे. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढेच पुन्हा. वर आली आणि जेवणाला तासाहून जास्त वेळ असेल तर पोळी-भाजी किंवा दोन-तीन बिस्किटे, म्हणजे ती पुन्हा घसरत नाही. मीटर सापडत नसेल तर शोधत बसू नये, कमी आहे असे धरून साखर द्यावी.

या साध्या कृतीतही चुका ठरलेल्या आहेत. घाबरून पेढा किंवा चॉकलेट भरवतात. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. दूधही तसेच संथ. मधुमेहाच्या घरात चहासाठी साखरेऐवजी गोडीच्या गोळ्या असतात, आणि पाहुणा किंवा लहान मूल त्याच पाण्यात विरघळवून देते. चव गोड, साखर शून्य. बिनसाखरेच्या कोल्ड्रिंकचेही तेच. सगळ्यात कमी माहीत असलेली चूक गोळ्यांची आहे. इन्सुलिनबरोबर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर घरातली साखर वेळेवर काम करत नाही, कारण ही औषधे आतड्यात साखरेचे विघटनच लांबवतात. अशा माणसाला ग्लुकोज पावडरच लागते. तीनतीन औषधे एकत्र असलेल्या गोळ्या खूप चालतात, त्यामुळे आपल्या माणसाच्या गोळीत हे आहे की नाही ते बहुतेक जोडीदारांना ठाऊक नसते. पाकिटावरची नावे एकदा नीट वाचावीत, न कळल्यास औषधाच्या दुकानात विचारावे. ग्लुकोज पावडर स्वयंपाकघरातल्या काट्यावर १५-१५ ग्रॅम मोजून आठ-दहा पुड्या बांधून ठेवाव्यात: दोन खिशात, दोन पर्समध्ये, एक उशाशी, एक गाडीत. देवघरातल्या खडीसाखरेच्या भरवशावर राहू नये. ती चघळून विरघळायला वेळ लागतो.

माणूस शुद्धीवर नसेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, साखरपाणी श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवावे, १०८ ला फोन करून "इन्सुलिनचा पेशंट आहे, बेशुद्ध आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगावे. डॉक्टरांनी ग्लुकागॉनचे, म्हणजे शुगर वर आणणारे, इंजेक्शन घरी ठेवायला दिले असेल तर ते द्यायचे कसे हे जोडीदाराने शिकलेले हवे. रुग्ण ते त्या वेळी स्वतः घेऊ शकत नाही. ग्लिमेपिराइडसारख्या शुगर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर वर आलेली शुगर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून "आता बरंय" एवढ्यावर भागवू नये. सावरल्यानंतर आकडा २०० दिसला तर घाबरून जादा इन्सुलिनही टोचू नये.

रात्रीची कमी शुगर शेजारी झोपणाऱ्याखेरीज कुणाला कळत नाही. बनियन आणि उशी ओली होणे, झोपेत बडबड, भीतीची स्वप्ने, सकाळी डोके जड. यातले काही आठवड्यात दोनदा दिसले तर ते डॉक्टरांना सांगायला हवे, आणि बहुधा ते जोडीदारालाच सांगावे लागते कारण रुग्णाला त्यातले काही आठवत नसते. घेतलेल्या दारूचा परिणामही रात्रीच येतो: यकृत दारू निपटण्याच्या कामात अडकते आणि साखर सोडत नाही. कमी शुगरचा माणूस झिंगल्यासारखा दिसतो, म्हणून 'पिऊन पडलाय' म्हणत झोपू देणे सर्वांत धोक्याचे.

आता बाटली आणि सिरिंजकडे येऊ, कारण इथे प्रेमळ मदतही घात करू शकते. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुतेक ४० युनिट प्रति मिलीचे असते, इन्सुलिन टोचायच्या पेनमधले १०० युनिट प्रति मिलीचे. सिरिंजही दोन प्रकारच्या मिळतात: ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. घाईत दुकानातून जोडीदाराने केशरी आणली आणि ४० च्या बाटलीतून २० च्या रेघेपर्यंत भरले, तर पोटात जातात फक्त ८ युनिट. शुगर आठवडाभर चढीच राहते आणि खापर जेवणावर फुटते. उलटे झाले तर जीवावर बेतते. पेन बिघडले म्हणून त्याच्या काडतुसातले औषध लाल सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढले, तर ते ५० युनिट होतात, अडीचपट. म्हणून काडतुसातून सिरिंजने कधीही ओढू नये. नवी सिरिंज आणायला जाणाऱ्याने जुन्या सिरिंजचे वेष्टण खिशात घालून न्यावे आणि दुकानातच आकडा ताडून पाहावा. चाळिशी ओलांडलेल्यांना सिरिंजवरच्या बारीक रेघा संध्याकाळच्या उजेडात दिसत नाहीत. भरलेली सिरिंज दुसऱ्याने दिव्याखाली धरून आकडा मोठ्याने वाचावा. पाच सेकंदांचे काम आहे.

दुधी मिश्रण भरण्याआधी बाटली दोन तळहातांत दहा वेळा घोळवावी, दहा वेळा हळू वरखाली करावी. सरबतासारखी खळखळवू नये, फेस होतो आणि मापात हवा येते. न घोळवता भरले तर आज वरचे पाणी आणि महिनाअखेर तळाचा गाळ टोचला जातो. डोस तोच राहूनही शुगर रोज वेगळी येते. घोळवूनही गुठळ्या किंवा पापुद्रे दिसले तर बाटली फेकावी. पेन असेल तर दर वेळी आधी दोन युनिट हवेत सोडून थेंब येतो का पाहावे आणि टोचल्यावर सुई आत ठेवून सावकाश दहा मोजावे, नाहीतर शेवटचा थेंब पोटावर ओघळतो.

न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचे. बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याच्या लगेच खाली ठेवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळून नेहमीसारखे दिसले तरी निकामी झालेले असते. चालू बाटली ३० अंशांखाली साधारण चार आठवडे बाहेर चालते; खोक्यातल्या चिठ्ठीवर दिलेली मुदत पाहावी आणि उघडल्याची तारीख बाटलीवर पेनने लिहावी. ही तारीख लिहायचे काम जोडीदाराने अंगावर घ्यावे, कारण रोज टोचणारा माणूस त्या बाटलीला इतका विटलेला असतो की तो ती नीट पाहतही नाही. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात, दिवसभर वीज नसलेल्या घरात, दोन मडक्यांची जुनी युक्ती चालते: मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडके, त्यात बंद डब्यात इन्सुलिन, वर ओले फडके. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवावी लागते. उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत ठेवून लग्नाला जाऊ नये. विमानात ते हातातल्या बॅगेत न्यावे, सामानाच्या पोटात ते गोठू शकते.

रोज एकाच जागी टोचले की तिथे चरबीची मऊ गाठ होते. ती जागा दुखत नाही, म्हणून लोक तिथेच टोचत राहतात, आणि तिथून इन्सुलिन कधी शोषले जाते, कधी नाही. डोळ्याला न दिसणारी गाठ बोटांना कळते. आंघोळीनंतर साबणाच्या ओल्या बोटांनी जोडीदाराने पोट आणि मांड्या चाचपाव्यात, लागलेली गाठ पेनाने आखावी. तिथून सुई हलवण्याआधी डॉक्टरांना सांगावे, कारण चांगल्या जागी तोच डोस जास्त चढतो. बेंबीभोवतीची दोन बोटे सोडून, दर वेळी आधीच्या जागेपासून बोटभर सरकत जायचे. दुसऱ्याला टोचून देणाऱ्याने सुईवर टोपण परत बसवू नये, बोट टोचते ते तिथेच. वापरलेली सुई सरळ जाड प्लास्टिकच्या बाटलीत, फिनाइलची रिकामी चालेल. बाटली भरली की घट्ट बंद करून, वर 'सुया' असे लिहून घंटागाडीवर घातक कचरा म्हणून वेगळी द्यावी. कचरा हाताने निवडणारी बाईही कुणाची तरी जोडीदार असते.

उपासांबद्दल. आषाढी-नवरात्रात साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळपास निव्वळ पिष्टमय पदार्थ, शुगर झपाट्याने वर जाते. हरतालिकेचा निर्जळी उपास नेमका उलटा. इन्सुलिन घेणारी बाई नवऱ्यासाठी निर्जळी राहते तेव्हा त्या नवऱ्याने आठवडाभर आधी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जावे. उपास न करणेच बहुधा बरे. ती ऐकणार नसेल तर त्या दिवशीचा डोस किती, दुपारी मोजायचे कधी, हे लिहून घ्यावे. आणि शुगर ७० च्या खाली गेली की उपास सोडायचा, हे घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर आदल्या दिवशी त्यानेच सांगावे. ऐन वेळी तिने साखर खाल्ली तर बोलणी तिला बसतात, म्हणून हे तिच्या तोंडून यायला नको.

पायांकडे रोज रात्री दोन मिनिटे. नसा बधिर झाल्या की चपलेतला खडा दिवसभर टोचला तरी कळत नाही. तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या. लाली, फोड, चीर, नखाच्या कडेची सूज. भेगांना खोबरेल किंवा क्रीम लावावे, बेचक्यांत लावू नये, तिथला ओलावा बुरशीला आवडतो. पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी वापरू नये. साठीनंतर स्वतःचा तळवा पाहायला वाकता येत नाही, म्हणून हे काम दुसऱ्याचेच. इथे एक आडकाठी आपल्या घरांत हमखास येते. बायको नवऱ्याचे पाय पाहते, नवरा तिच्या पायाला हात लावायला गेला की ती पाय आखडून घेते, "पाप लागेल मला." जखम लपून राहते ती अशा वेळी. फार आग्रह झेपत नसेल तर मोबाइलने तळव्याचा फोटो काढून दिव्याखाली दोघांनी पाहावा. फोटोला पाप लागत नाही.

एक विषय पुरवण्या टाळतात. दीर्घकाळ वाढलेल्या शुगरने नसा आणि रक्तवाहिन्या बिघडतात, त्यामुळे पुरुषांत शिथिलता येते. बायकांना वारंवार बुरशीचा संसर्ग आणि खाज. अंथरुणावरची माघार मग मन उडाल्याची समजली जाते. दोन्हींवर उपचार आहेत, डॉक्टरांकडे दोघांनी जावे.

आपल्या मधुमेह दिनाच्या पुरवणीत या वर्षी एक चौकट रुग्णाच्या जोडीदारासाठी द्यावी, ही विनंती. कात्रण काढून फ्रिजच्या दारावर लावता येईल एवढी: इंजेक्शनची वेळ आणि जेवणाची वेळ लिहायला दोन रिकाम्या रेघा, १५ ग्रॅम ग्लुकोज आणि १५ मिनिटे, १०८, बाटली उघडल्याची तारीख. शेजारी लाल आणि केशरी टोपणांच्या सिरिंजचे छायाचित्र छापावे. ते पान मात्र रंगीत हवे. कृष्णधवल छपाईत दोन्ही टोपणे सारखीच दिसतील.

आपल्या,
मधुमेही रुग्णांना इन्सुलिनचे प्रशिक्षण देणाऱ्या दोन परिचारिका,
सांगली